एरिया ५१ च्या हद्दीला लागून तंबू मारलाय का कुणी? गार्ड रात्री येतात काय?

जांबोटीचा_गडी

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, हसू नका. धाकटा भाऊ दोन वर्षं झाली लास व्हेगासला असतो, ऑक्टोबरात मी आणि मंडळी तीन आठवडे तिकडं चाललोय, आणि शाळेत असल्यापासून ज्या जागेचं मला वेड आहे ती एरिया ५१, म्हणजे अमेरिकी हवाई दलाचा नेवाडातला गुप्त तळ, तिथनं गाडीनं अडीच तासांवर, मग जाणार नाही तर काय करणार. एलियन बिलियन मला काही बघायचं नाही, मला विमानांचा नाद. सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर सायकल आडवी टाकून तास तासभर आभाळाकडं बघत बसणारा मी. यू-२ हे हेरगिरीचं विमान तिथंच १९५५ ला पहिल्यांदा उडालं, ए-१२ तिथं १९६२ ला, आणि ते काळं तिरपं-तिरपं एफ-११७ सुद्धा तिथंच १९८१ ला पहिल्यांदा उडालं आणि जगाला सांगितलं १९८८ ला. एवढं सगळं जिथं झालं त्या बाजूला एक रात्र तंबूत काढायची असं भावाचं आणि माझं ठरलंय. बायको म्हणते दिवसा बघून या आणि गप घरी या.

खरं मला धास्ती वेगळ्याची आहे. २०१६ च्या पावसाळ्यात आम्ही चौघं अळंबी शोधत आमच्याच तालुक्यातल्या एका फायरिंग रेंजच्या मागच्या अंगानं गेलो होतो, नाव मुद्दाम लिहीत नाही. धुकं एवढं की दहा हातांवरचं झाड दिसेना, आणि एकदम समोर रेनकोटातला जवान. बंदुकीच्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधलेली, ती अजून डोळ्यासमोर आहे. तीन तास बांधावर बसवलं ओ! पिशवीतली अळंबी गवतावर ओतायला लावून काठीनं एक एक उलटून बघितली, फोनमधले फोटो पुसले, शेवटी पोलीस स्टेशनला फोन बिन करून सोडलं. अळंबीचा चिखल झाला ते वेगळंच.

आपल्या मातीत ही गत, तर परक्या देशात टुरिस्ट व्हिसावर काय होईल? किती जवळ तंबू मारता येतो, गार्ड रात्री येऊन उठवतात काय, पासपोर्ट बघतात काय? भावाकडं छोटा ड्रोन पण आहे, तो न्यावा म्हणतोय.

शहापूरचा_फिनिक्सवाला

मी गेलोय, दोनदा. मूळचा शहापूरचा, सध्या फिनिक्सला.

पहिली गोष्ट, तू डोक्यात जे कुंपण धरून बसलायस ते तिथं नाहीच मर्दा. मोठं लोखंडी गेट, काटेरी तारा, टॉवर असं काही डोळ्यासमोर आणू नको. ३७५ नंबरचा हायवे आहे, १९९६ ला त्याला सरकारनंच एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे असं नाव दिलंय, त्याच्यावरनं डावीकडं एक रुंद कच्चा रस्ता फुटतो, ग्रूम लेक रोड. साधारण २० किलोमीटर गेलास की रस्त्याच्या दोन्ही बाजूला बोर्ड आणि माळावर लांब लांब उभे केलेले नारिंगी खांब. बाजूच्या टेकडीवर कॅमेरे. बस. हीच हद्द. तळ तिथनं दिसत पण नाही, मधी डोंगर आहेत. एक पाऊल टाकायला अडवणारं काही नाही आणि हीच खरी गोम आहे, कारण ते पाऊल टाकलंस की सगळं बदलतं.

हद्दीच्या अलीकडची जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे आपल्याकडचं गायरान समज. गाई चरत असतात. तिथं १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू ठोकून राहता येतं, परवाना नको, कुणाला विचारायला नको. म्हणजे खांबाच्या अलीकडं तू कायद्यानं अगदी बरोबर आहेस. तरी पण बोर्डाच्या पायथ्याशी तंबू मारू नको. आम्ही तीन-चार किलोमीटर अलीकडं, रस्त्यापासनं जरा आत मारला होता. अंधारात लघवीला उठलेला माणूस दिशा चुकतो, आणि तिथं चुकायला परवानगी नाही.

आता गार्डांचं. पहिल्या खेपेला आम्ही दोघं होतो, मी आणि माझा मावसभाऊ. संध्याकाळी पाचला पोचलो. त्या रस्त्यावर गाडी गेली की धुळीचा लोट उठतो, पाच-सहा किलोमीटरवरनं दिसतो, त्यामुळं तुम्ही पोचायच्या आधी तुमची बातमी पोचलेली असते. तंबूच्या काठ्या जोडालोय तोवर टेकडीवर एक पांढरी पिकअप येऊन उभी. माणूस दुर्बीण लावून आमच्याकडं बघालाय आणि मावसभाऊ दुर्बीण लावून त्याच्याकडं बघालाय, असं पंधरा मिनिटं चाललं. मग मावसभावानं हात केला. पलीकडनं काही नाही. दगड.

रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती खडीच्या आवाजानं. इंजिन चालू, लाइट बंद, आणि गाडी आमच्यापासनं शंभरेक पावलांवर. तंबूच्या कापडातनं काही दिसत नाही आणि चेन उघडायची हिंमत होईना, कारण त्या शांततेत चेनचा आवाज पण फाडल्यासारखा येतोय. वीस मिनिटं आम्ही श्वास मोजत पडलो. मग गाडी गेली. एक शब्द नाही, टॉर्च नाही, काही नाही. सकाळी बघतोय तर चाकांचे वण आमच्या गाडीच्या मागं येऊन वळलेले, म्हणजे नंबर प्लेट बघून गेला असणार. मी चहा ठेवला, मावसभावानं बेळगावचे चिरमुरे काढले आणि परातीएवढी प्लेट टेकडीच्या दिशेनं उचलून धरली, या म्हणून. ह्या वेळी पिकअपचे दिवे एकदा लागून विझले. योगायोग पण असेल, तो मात्र गावभर सांगत फिरतोय की गार्डनं उत्तर दिलं.

तर ह्या लोकांना तिकडं कॅमो ड्यूड म्हणतात. हद्दीच्या अलीकडं ते सहसा तुमच्याशी बोलत पण नाहीत. बघतात, नंबर लिहून घेतात, लांबनं मागं राहतात. पलीकडं गेलात तर धरून ठेवतात आणि काउंटीच्या शेरीफला बोलावतात, मग केस, दंड आणि बाकीचं.

सोपं समजू नको. २०१९ च्या सप्टेंबरात दोन डच यूट्यूबर शेजारच्या नेवाडा नॅशनल सिक्युरिटी साइट ह्या अणुचाचण्यांच्या जुन्या जागेच्या गेटमधनं आत गाडी घालून बसले, कॅमेरे, ड्रोन, सगळं घेऊन. इंग्रजी येत होतं, पाटी वाचली होती, फक्त बघायचं होतं म्हणाले. तीन दिवस जेल आणि दंड. त्याच साली जानेवारीत त्याच साइटवर एक जण गेट तोडून गाडी घेऊन पळाला आणि शेवटी गाडीतनं उतरून हातात काहीतरी नळकांड्यासारखं घेऊन गार्डांच्या अंगावर चालत गेला, त्याला गोळी घातली, मेला.

ड्रोन घरी ठेव. वरची हवा पण त्यांचीच आहे. टुरिस्ट व्हिसावर असताना जप्ती आणि चौकशी कशाला लावून घेतोस. पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट दोन्ही जवळ ठेव, तिथला गार्ड मागेल म्हणून नाही, बाहेरच्या माणसानं ते कायम जवळ बाळगायचं असा तिथला कायदाच आहे. टाकी फुल करून निघ, पाणी दुप्पट ने, फोनला रेंज धरून चालू नको.

आणि विमानाचा नाद असेल तर एक सांगतो, हद्दीजवळनं तुला विमानतळ दिसणार नाही. पूर्वी फ्रीडम रिज आणि व्हाइट साइड्स अशा दोन टेकड्यांवरनं दिसायचा, लोक तिथं मुक्कामाला जायचे, म्हणून १९९५ ला त्या टेकड्याच हद्दीत घेतल्या. आता राहिलं टिकाबू शिखर, तळापासनं ४२ किलोमीटर. बेळगावातनं संकेश्वर बघितल्यासारखं! मोठी दुर्बीण, चढ उभा, आणि सकाळी सूर्य पाठीमागं असताना. ह्यापेक्षा व्हेगासच्या विमानतळाच्या आसपास सकाळी फिर, लाल पट्ट्याची पांढरी ७३७ विमानं दिसतील, त्यांना जॅनेट म्हणतात, तळावरचे कामगार रोज त्याच्यातनं ये-जा करतात. तुला त्याच्यातच जास्त मजा येईल.

कडोलीचा_बटाटा

एलियन भेटला तर त्याला कुंदा दे भावा, परत जायचं नाव काढणार नाही 😂

सुभेदार_निवृत्त

जांबोटीकर, तुझी गोष्ट वाचली. मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, रिक्रूट म्हणून आलो ते इथंच बेळगावच्या सेंटरला. तू तीन तास बसवलं म्हणून लिहिलंस, खरं का बसवलं ते लिहिलं नाहीस. अळंबीवाल्यांना कुणी तीन तास बसवत नाही. तुमच्यातला कुणीतरी उलट बोलला असणार. खरं सांग.

आता संतरीच्या बाजूचं ऐक, कारण फिरायला जाणाऱ्यांना ही बाजू कुणी सांगत नाही. दोन तास ड्यूटी, चार तास आराम, परत दोन तास. रात्री दोन ते चार सगळ्यात वाईट, पाय उभे असतात आणि डोकं झोपलेलं असतं. त्या वेळी झाडीत काडी मोडली तरी त्याला ठरवायचं असतं, रानडुक्कर का माणूस, माणूस असला तर कोण. तू ट्रेकर आहेस हे तुला माहीत आहे, त्याला नाही.

मी एका दारूगोळ्याच्या डेपोवर होतो, कुठं ते सोड. रात्री तारेच्या बाहेर बारीकसा लाल ठिपका दिसला, वर जातोय, खाली येतोय. बिडी. मी आवाज दिला, थम, कौन आता है. पलीकडनं काय उत्तर यावं? "मी हाय मी!" अरे मी म्हणजे कोण! परत आवाज दिला, तर त्या बाबानं टॉर्च काढून सरळ माझ्या तोंडावर मारली. टॉर्च तोंडावर आली की संतरी आंधळा होतो, अर्धा मिनिट काही दिसत नाही, मग त्याच्याजवळ उरतं काय, हातातली रायफल. मी बोट आत घातलं होतं. तेवढ्यात मेंढरू ओरडलं. धनगर होता, घोंगडं पांघरून मेंढरं बसवून बिडी ओढत बसलेला, वय सत्तरच्या पुढं. मेंढरानं त्याला वाचवलं, आणि मला पण. त्यानंतर चार दिवस मला जेवण गेलं नाही.

म्हणून कुणी थांब म्हटलं की थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे, टॉर्च जमिनीकडं करायची, आणि नाव, गाव, कशाला आलो ते एका दमात सांगायचं. हिंदी मोडकी असली तरी चालते. खिशात हात घालून ओळखपत्र काढायची घाई करायची नाही, आधी विचारायचं काढू का. ह्याच्यात कमीपणा काही नाही.

आणि तीन तास का लागतात ते पण सांगतो. संतरीला तुला सोडायचा अधिकारच नसतो. तो गार्ड कमांडरला कळवणार, कमांडर येणार, तो वर कळवणार, मग सिव्हिल पोलिसांकडून खात्री, मग रजिस्टरला नोंद. सोडलं तरी लिहावं लागतं आणि लिहिलं की वरनं विचारणा येते. नीट बोललास तर हे सगळं लवकर उरकतं, कारण त्याला पण उरकायचं असतं, चहा गार होत असतो त्याचा. उलट बोललास की तो म्हणतो बस मग.

फायरिंग रेंजचं वेगळं सांगतो कारण आपल्या भागातली पोरं रीलसाठी कुठंही शिरालेत. फायरिंगच्या आधी गावात सूचना येते, त्याच्यासाठी १९३८ चा कायदा आहे, त्या दिवशी लाल झेंडे लावतात. झेंडा दिसला की मागं फिरायचं. झेंडा नसला तरी जमिनीत अर्धं रुतलेलं, गंजलेलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही. न फुटलेला गोळा वीस वर्षांनी पण फुटतो. भंगार म्हणून उचलायला गेलेल्याचं काय होतं ते मी बघितलंय, इथं लिहीत नाही. फोटोचं म्हणशील तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट अजून चालू आहे, तुझे फोटो पुसून सोडलं म्हणजे त्या गार्डनं तुझ्यावर उपकारच केले.

जांबोटीचा_गडी

सुभेदारकाका, काय लपवायचं तुमच्यापासनं, उलट बोलणारा मीच होतो. आमच्या आज्याची गुरं ह्या माळावर चरायची, तुम्ही कोण विचारणार, असं काहीतरी बोललो. त्यातनं ते पोरगं निघालं साताऱ्याकडचं, मराठीच, सगळं कळालं त्याला. आधी तो हसून बोलत होता, अळंबी कशी करता, सुकं का रस्सा, असं विचारत होता. मी बोलल्यावर गप झाला आणि मग काठी घेऊन पिशवी ओतायला लावली. बायकोला ही गोष्ट आजपर्यंत अर्धीच माहीत होती, आता हे वाचून झाली पुरी.

ड्रोन कॅन्सल. भावाला हा धागा पाठवलाय.

काळी_नदीकाठचा

कारवारकडनं लिहितोय. आमच्याकडं आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे, २००५ ला सुरू झालं, आरगा, बिणगा ह्या बाजूची गावं त्याच्यासाठी उठली. हायवे तळाच्या अगदी खेटून जातो, आणि बेळगाव, कोल्हापूरची गाडी समुद्र दिसला की थांबलीच समजा. डोळ्यांनी बघत पुढं गेलात तर कुणी काही म्हणत नाही. फोन वर केला की कुठनं तरी शिट्टी येते. आमच्यातल्या मासेमारी करणाऱ्या लोकांना कुठपर्यंत जाळं टाकायचं ते बरोबर माहीत आहे, पाण्यात रेघ नाही तरी माहीत आहे. त्या फिनिक्सवाल्यानं बिनकुंपणाची हद्द लिहिली ना, ती मला लगेच पटली. एखादा नवखा बोटवाला चुकून गेला तर आमचेच लोक आधी ओरडतात.

म्हाताऱ्यांना मात्र अजून सवय झालेली नाही. माझी आत्या आरग्याच्या बाजूची, बसमधनं जाताना त्या वळणावर दर वेळी मान वळवून बघते. काय दिसतं विचारलं तर म्हणते माडाची ओळ.

वडगावची_वैनी

सगळे गडीमाणूस लिहालेत म्हणून मी बाईच्या बाजूनं लिहिते. मी आणि आमचे हे गेलो होतो, २०१९ नंतरच्या उन्हाळ्यात, सगळे मिळून एरिया ५१ मध्ये घुसूया अशा त्या फेसबुकच्या गमतीनंतर. आठवत असेल, वीस लाखांवर लोकांनी येतो म्हणून बटण दाबलं होतं आणि २० सप्टेंबरला प्रत्यक्षात आले काही हजार, हद्दीपर्यंत तर शे-दोनशेच.

आम्ही तंबूत राहिलो नाही. मला विचाराल तर त्या माळावर आडोसा नावाचं काही नाही, गुडघ्याएवढी झुडपं, आणि टेकडीवर कॅमेरे आणि दुर्बीण घेतलेला माणूस. आता सांगा बाईनं सकाळी जायचं कुठं? ह्याचा विचार एकाही दाजीनं केलेला नाही. रेचल नावाचं गाव आहे हायवेवर, गाव कसलं, पन्नासएक माणसं, तिथं लिटल एलिइन म्हणून खानावळ कम लॉज आहे, साध्या खोल्या मिळतात. आधी बुक करा. ऑक्टोबरात रात्री थंडी भयंकर पडते, उंची दीड हजार मीटरच्या आसपास आहे, आपल्याकडच्या स्वेटरवर भागत नाही.

आणि रात्री गाडी हळू चालवा. गार्ड बिर्ड राहू दे, त्या हायवेवर मोकळ्या सोडलेल्या गाई असतात, काळ्या, अंधारात अजिबात दिसत नाहीत. आमची एक थोडक्यात वाचली. ह्यांनी ब्रेक मारला तर गाय आमच्याकडं बघून रवंथ करत उभी, आणि मी घाबरून कानडीत ओरडले, का कुणास ठाऊक.

शहापूरचा_फिनिक्सवाला

वैनींचं बरोबर आहे, गाईचं मी लिहायलाच विसरलो. एलियनच्या गोष्टीबद्दल पण एक राहिलं. यू-२ साठ हजार फुटांच्या वर उडायचं आणि त्या काळातली प्रवासी विमानं दहा-वीस हजारांवर, त्यामुळं संध्याकाळी खाली अंधार पडल्यावर पण वरच्या विमानावर ऊन चमकायचं आणि पायलट लोक कळवायचे की आभाळात काहीतरी जळालंय. सीआयएच्याच इतिहासात लिहिलंय की पन्नासच्या शेवटाच्या आणि साठच्या दशकातल्या उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून जास्त तक्रारी ह्या विमानांच्याच होत्या. आणि हा तळ आहे हे त्यांनी नीट मान्य केलं २०१३ ला. म्हणजे ५८ वर्षं ते गार्ड कागदावर नसलेल्या जागेची राखण करत होते.

जांबोटीचा_गडी

ठरलं मग. बायको आणि भावजय रेचलला खोलीत, आम्ही दोघं तंबूत, चार किलोमीटर अलीकडं. एकच राहिलं, त्या हद्दीच्या बोर्डाबरोबर एक फोटो काढला तर चालतो काय?

शहापूरचा_फिनिक्सवाला

बोर्डावर फोटो काढू नका असंच लिहिलंय. लोक अलीकडनं बोर्डाचा काढतात, सगळं इंटरनेट त्यानं भरलंय. खरं टेकडी आणि पिकअप फ्रेममधी घेऊ नको.

सुभेदार_निवृत्त

फोटो कशाला पाहिजे. चिरमुरे ने जास्तीचे.